उबट

बूट आतून गरम होता. नाडी सैल करायला म्हणून मी बुटाची जीभ वर ओढली, बोटं आत घातली आणि टाचेपाशी ओलसर, उबट असं काहीतरी हाताला लागलं. बोटं झटकन बाहेर काढून मी हाफपँटला पुसली आणि मग हुंगली. हुंगायची काही गरज नव्हती, पण मला सवय आहे, माझी नोकरीच त्यावर चालते. वास ओळखीचा होता. नीट न वाळलेल्या फडक्याचा, आणि त्यात बाबा गुडघ्यांना चोळतात त्या मलमाचा. तापातून उठून मला दोनच दिवस झाले होते, म्हणून दाराजवळच्या बाकावर बसूनच हे चाललं होतं. दुसरा बूट पाहिला, तोही तसाच. हे बूट घेऊन पंधरा दिवस झाले होते आणि दुकानात घालून पाहिले तेवढे सोडले तर माझा पाय त्यात गेलेला नव्हता. आज पहिल्यांदा, घरातल्या घरात, पाच मिनिटं घालायचे होते. मी त्यांच्याकडे बघत बसलो. पांढरे, जाड सोलाचे, पुढून होडीसारखे उचललेले बूट, आणि आतून कुणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखे.

बाबा स्वयंपाकघरात चहा पीत होते. एक पाय खुर्चीवर दुमडून घेतलेला, आणि एका हाताने त्याच पायाची बोटं एकेक करून ओढायची, हे त्यांचं चहाबरोबरचं जुनं काम. त्याच हाताने मग टोस्ट उचलायचा.

"बाबा, माझे बूट कुणी घातले होते?"

"मी," ते म्हणाले. "दुसरं कोण आहे घरात आठ नंबरचं?"

"का पण?"

"चावतील म्हणून." त्यांनी टोस्ट चहात बुडवला. "दोन आठवडे होत आलेत. तू आता आपला तिसऱ्यापासून सुरू कर. शर्यतीला पाच आठवडे आहेत ना? बसतंय बरोबर."

त्यांनी मानेने फ्रिजकडे खूण केली. फ्रिजच्या दारावर फिजिओच्या बाईंनी दिलेला कागद लावलेला होता. सहा आठवडे, प्रत्येक आठवड्याचे सात रकाने. पहिला आठवडा: नवे बूट घालून घरात चालणे, पाच मिनिटे, दोनदा. दुसरा: सपाट रस्त्यावर दहा मिनिटे चालणे, एक दिवसाआड. मग हळू धावणं, मग थोडं वेगात, मग पुन्हा कमी. मी आजारी पडलो तेव्हा हे सगळे रकाने कोरे होते. आता वरच्या दोन ओळी भरल्या होत्या. टोकदार पेन्सिलीने, उजवीकडे कललेल्या आकड्यांत, सकाळ-संध्याकाळ मिनिटांसकट. एका रकान्यात ६ लिहून खोडून ५ केलं होतं. माणूस प्रामाणिक.

तिथे थांबलो असतो तर घाणेरडं काहीतरी बोललो असतो. न्हाणीघरात जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा साबण लावून, आणि आरशात बघितलं तर तापाने ओठ सोललेला, दाढी वाढलेला, त्रेचाळीस वर्षांचा एक माणूस दुसऱ्याच्या घामाने रडकुंडीला आला होता. दोन वर्षांपूर्वी मी असलेच वेगवान बूट घेतले होते. एकाने सांगितलं म्हणून घेतले, आणले त्याच दिवशी घालून बारा किलोमीटर पळालो, कारण त्यात पाय आपोआप पुढे पडतात, आपण नाही कुणीतरी दुसरंच पळतंय असं वाटतं आणि थांबवत नाही. तिसऱ्या आठवड्यात डाव्या पावलाच्या मधल्या हाडाला बारीक चीर गेली. अकरा आठवडे मी कुबड्यांवर होतो. फिजिओच्या बाईंनी तेव्हा चित्रावर पेन टेकवून दाखवलं होतं, या इथे रक्त कमी पोचतं, हे हाड रागावलं तर लवकर राजी होत नाही. यावेळी सांधलं, दुसऱ्यांदा याच जागी गेलं तर मी तुम्हाला पळा म्हणून सांगणार नाही. बाकीच्यांना ही गोष्ट लहान वाटते. बायकोला वाटते. ती म्हणते, "मग चाल की, चालणं काय वाईट आहे?" तिला कसं सांगायचं की दिवसातला तो एक तास सोडला तर मी सतत कुणाच्या ना कुणाच्या अंगाच्या वासात असतो. सकाळच्या थंड हवेत फक्त माझाच घाम असतो, आणि तोही ताजा. तेवढा तास गेला तर मला उरलेला दिवस सोसणार नाही. म्हणून यावेळी मी घाई करणार नव्हतो. वेगाचे बूटच नकोत असंही एकदा ठरवलं होतं, पण त्या एकवीस किलोमीटरच्या शर्यतीत मला पावणेदोन तासांच्या आत यायचं होतं, एकदाच, चीर गेलेल्या पायाने. बाई म्हणाल्या, घ्या, पण रोजचे जुने बूट सोडू नका, हे घालून पळायचं ते आठवड्यातून एकदाच, फार तर दोनदा, आणि कागदाप्रमाणे.

दुकानातही मी शहाण्यासारखा वागलो होतो. चार जोड घालून पाहिले. दुकानातली चष्मेवाली बाई अनुभवी होती, किती सेकंद वाचतील वगैरे थापा तिने मारल्या नाहीत. प्रत्येक जोड घालून मला एका पायावर उभं केलं, मग जिना चढ-उतर करायला लावला. सगळ्यात उंच, सगळ्यात मऊ जोडात माझा घोटा आत कलला तेव्हा तिनेच तो बाजूला ठेवला. "याच्या सोलातली पट्टी ताठ आहे आणि फोम लोण्यासारखा," ती म्हणाली, "तुमचा पाय मध्ये बिचारा एकटा पडेल." मग थोडा बुटका, थोडा घट्ट, टाच नीट धरणारा जोड निवडला. बाबा बरोबर आले होते, कारण दुपारी ते घरी एकटे कंटाळतात. बाकावर बसून त्यांनी माझा निवडलेला बूट हातात घेतला, आत मूठ घातली, टाचेच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हा चावेल." चष्मेवाली म्हणाली, आजोबा, हे चावत नाहीत हो, हे कापडाचे असतात. बाबा त्या कडेवरून अंगठा फिरवतच राहिले. माझ्या तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. पण मी आरशात माझे पाय बघत होतो, आणि दुसऱ्या दिवशी ताप चढला.

बाबांनी चौतीस वर्षं विजेच्या मीटरची नोंद घ्यायचं काम केलं. जिने चढायचे, दारं वाजवायची, लोकांच्या जिन्याखालच्या कोंदट जागेत वाकून आकडे वहीत लिहायचे. कंपनी वर्षाला एक जोड बूट द्यायची. काळे, जाड कातड्याचे, कुठल्यातरी कंत्राटदाराला पाय म्हणजे काय हे माहीत नसल्यासारखे. ते चावायचे. रक्त काढायचे. त्यावर बाबांनी उपाय शोधला होता, तो म्हणजे ओले मोजे घालून आठवडाभर संध्याकाळी घरात चालायचं, दहा मिनिटं, मग कातडं ऐकतं. घरात कुणाचेही नवे बूट आले की ते आधी बाबांच्या ताब्यात जात. आईच्या चपलांच्या पट्ट्या ते हातात घेऊन वाकवत बसत, माझ्या लहानपणच्या बुटांत चार बोटं घालून टाच मळत, चमच्याच्या दांड्याने कडा दाबत. तिथवर ठीक होतं. पण चौदाव्या वर्षी माझा पाय त्यांच्याएवढा झाला. शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी माझ्यासमोर नवे काळे बूट ठेवले आणि म्हणाले, "घाल. आता चावायचे नाहीत." मी पाय घातला. आत गरम होतं. त्यांच्या पायाची बोटं जिथे जिथे होती तिथे तिथे माझी बोटं जाऊन बसली, एकेका खळीत, आणि त्या खळ्या ओल्या होत्या. मला आठवतं मी पाय वर उचलून धरला होता, बुटासकट, जमिनीला टेकवेना. ते समोर उकिडवे बसून माझ्याकडे वर बघत होते. खूश होते. त्यांच्या स्वतःच्या पायाला, मला तेव्हाच दिसलं, दोन्ही टाचांवर पट्ट्या लावलेल्या होत्या.

त्यांचा पाय मी नीट कधी पाहिलेला नाही, पण न बघताही तो मला पाठ आहे. डाव्या अंगठ्याचं नख पिवळं, जाड, शिंगासारखं वर वळलेलं, त्याच्याखाली भुगा. टाचांना भेगा, भेगांत काळं. पाऊल सपाट, आतल्या बाजूला पसरलेलं, फरशीवर ओलं उमटलं तर मध्ये कमान नसतेच, नुसता एक डाग. चालताना चप्-चप् आवाज. या आवाजाची मला शिसारी आहे हे सांगायला मला लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणून शिसारी अजून वाढते. त्या वर्षी शाळेच्या शर्यतीत मी ऐन वेळी बूट काढून फेकले आणि अनवाणी पळालो. मास्तर ओरडले, पोरं हसली, मी दुसरा आलो. सगळे म्हणाले काय पळतो. कुणाला काय ठाऊक, मी नुसता त्या बुटांपासून लांब पळत होतो.

गोदामात मला नाक म्हणतात. आमची कंपनी गाद्या विकते आणि तीन महिने झोपून बघा, नाही आवडली तर परत द्या, असं सांगते. परत आलेल्या गाद्या माझ्याकडे येतात. मी खोळ काढतो, हुंगतो, दिव्याखाली डाग बघतो, मग गादीवर आडवी लोखंडी पट्टी ठेवून तिच्यात आणि फोममध्ये किती फट पडते ते मोजतो. पंचवीस मिलिमीटरच्या वर खळगा असला तर गादी बाद. लोक काय काय करून ठेवतात ते सांगण्यासारखं नाही. माणूस झोपतो म्हणजे रोज थोडा थोडा गळतो. लाळ, घाम, तेल, कोंडा, आणि काही माणसं अजून पुष्कळ. आणि वर फॉर्मवर लिहितात, गादी वापरलेली नाही. मी खळगा बघून सांगू शकतो की माणूस कुठल्या कुशीवर झोपतो, जाडा आहे का, आणि त्याच्या शेजारी कोणी असतं का. फोम विसरत नाही. वरून सपाट दिसला तरी आतून खचलेला असतो. हे मला सोळा वर्षांच्या नोकरीने शिकवलंय, म्हणून त्या दिवशी संध्याकाळी मी लहान पट्टी खिशात घालून घरी आणली.

बाबा बागेत गेलेले बघून मी बुटातले सुटे तळवे उपसले. काळ्या कापडावर त्यांची पावलं उमटली होती, अगदी अंगठ्याच्या त्या वाकड्या नखाच्या खुणेसकट. मी श्वास तोंडाने घेत पट्टी आडवी ठेवली. डाव्या टाचेला आतल्या अंगाला तीन मिलिमीटर. दोन आठवड्यांत, नुसतं चालून, तीन मिलिमीटर. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पुरावा मिळाला. या कललेल्या बुटात मी पळालो असतो तर घोटा आत गेला असता आणि तेच हाड पुन्हा फुटलं असतं, आणि हे मी त्यांना पट्टीसकट दाखवणार होतो. दाखवताना काय बोलायचं तेही मनात जुळवलं. मग फरक नीट कळावा म्हणून माझे रोजचे जुने बूट घेतले, ज्यात माझ्याशिवाय कोणाचाही पाय कधी गेलेला नाही, आणि त्यांचे तळवे काढले. डाव्या टाचेला, आतल्या अंगाला, चार मिलिमीटर. तीच जागा, तीच बाजू. मी दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवले. कडा जुळल्या. माझ्या पायमोज्यांत माझी बोटं हलत होती आणि ती मला नकोशी झाली. ज्या पायाला मी तीस वर्षं तोंड फिरवलं तोच घालून मी रोज पळत होतो, आणि हाड फुटलं ते घाईने फुटलं असेल, पण मुळात त्या हाडावर भार कुणी टाकला हे आता माझ्या मांडीवर पडलं होतं. पट्टी मी पुसून ठेवून दिली.

बुटांचे तळवे धुतले, औषधाच्या पाण्यात रात्रभर ठेवले, गॅलरीत वाळवले. वाळले तरी पाय आत जाईना. सकाळी बाकावर बसायचो, बूट हातात घ्यायचो, ठेवून द्यायचो. बायको शाळेत भूगोल शिकवते, तिचा आवाज वर्गाला पुरेल असा आहे. ती म्हणाली, "वडील आहेत ते तुझे, जंतू नाहीत." मी म्हटलं, "तू घालून दाखव मग." तिने खरंच उजवा बूट पायात घातला, तिच्या सहा नंबरच्या, आणि चप् चप् करत स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आली. "झालं काय मला?" मी हसलो नाही. बूट खोक्यात घातले आणि मधल्या बोळातल्या कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर ठेवून दिले. बाबांना बजावलं, हात लावायचा नाही. ते म्हणाले, "अरे, पण तिसरा आठवडा सुरूच केला नाहीस." मी म्हटलं, "माझं मी बघेन." ते फ्रिजपाशी जाऊन त्या कागदाकडे बघत उभे राहिले. बंद दाराच्या घरी मीटर बघता आला नाही तर ते त्याच जिन्याला तीन-तीन खेपा घालायचे, अंदाजाने आकडा टाकायचा नाही म्हणून. कोरा रकाना त्यांना बघवत नाही. मला हे माहीत होतं.

आणि अजून एक माहीत होतं, ते आता लिहितो, कारण ते सोडून बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही. त्याच आठवड्यात बाबा सकाळी उठले की पहिली दहा-बारा पावलं आखडून टाकायचे. भिंत धरायचे. जिना उतरताना अंग आडवं करून एकेक पायरी. चहाला बसले की हात आता बोटांकडे न जाता मागे, टाचेच्या वर जायचा आणि तिथली शीर चिमटीत धरून चोळत राहायचा. फिजिओच्या कागदाच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं, सकाळची पहिली पावलं दुखली, टाचेमागची शीर जाड वाटली, तर लगेच थांबा आणि दाखवा. ते वाक्य मी रोज वाचत होतो. उंच मऊ सोल आणि ताठ पट्टी, पोटरीला आणि शिरेला नवा ताण, आणि पाय एकाहत्तर वर्षांचा. मला एका क्षणात कळलं होतं. पण विचारलं असतं तर ते म्हणाले असते, "बघ जरा," आणि पाय माझ्या मांडीवर ठेवला असता. ते भुगा भरलेलं नख, त्या भेगा, माझ्या मांडीवर. मी सहा दिवस कानाडोळा केला. सहा दिवस मी चहाचा कप घेऊन गॅलरीत गेलो.

सातव्या दिवशी, रविवारी सकाळी, मी न्हाणीघरातून बाहेर आलो तर बाबा बोळात कपाटासमोर उभे होते. अनवाणी. चवड्यांवर उभं राहून, हात ताणून, वरच्या फळीवरचं खोकं बोटांनी पुढे ओढत होते. मी त्यांच्या मागे चार पावलांवर होतो. हाक मारायला हवी होती. मी मारली नाही. मला त्यांना रंगेहाथ धरायचं होतं, खोकं हातात आल्यावर, म्हणजे नाही म्हणायला जागाच उरली नसती. त्यांच्या टाचा वर उचललेल्या होत्या, भेगा माझ्याकडे तोंड करून, आणि डावी शीर उजवीपेक्षा चांगलीच जाड दिसत होती. मी तिच्याकडेच बघत होतो. खोकं सुटेना म्हणून त्यांनी अजून एक झोका दिला, वर, अंगठ्यांवर. फट् असा आवाज झाला. सुकी काडी मोडावी तसा, पण ओला. बाबा कपाटाला धरून खाली घसरले, आणि घसरता घसरता मान वळवून मागे बघितलं. मी तिथे होतो.

"लाथ का मारलीस?" ते म्हणाले.

रागाने नाही. नुसतं विचारलं. मीटर का बंद आहे असं लोकांना विचारायचे तसं. मी म्हटलं, "मी नाही मारली बाबा." ते माझ्या पायांकडे बघत राहिले.

शीर तुटते तेव्हा मागून कुणीतरी लाथ मारल्यासारखंच वाटतं, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं. पुष्कळ लोक वळून बघतात म्हणे, आणि मागे कुणीच नसतं. बाबांनी ते ऐकून घेतलं, मान हलवली, पण मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळलं नाही. त्या वयात टाके नकोत, असं ठरलं. गुडघ्यापर्यंतचा प्लास्टिकचा करडा बूट दिला, टाचेखाली चार पाचरी, पंधरा दिवसांनी एकेक काढायची, तोवर दिवसरात्र पायात. फिजिओच्या बाई त्याच. मी त्यांना सगळं सांगितलं, म्हणजे सहा दिवस सोडून. त्या आधी हसल्या, मग त्यांचं हसू गेलं. "आजोबा," त्या म्हणाल्या, "बूट मऊ करायचा नव्हता हो. पाय तयार करायचा होता. ते एकाचं दुसऱ्याने करून चालत नाही."

"कुणी चालायचं ते कागदावर लिहिलेलं नाही," बाबा म्हणाले. "बघा तुम्ही."

बाईंनी खरंच कागद मागून बघितला. नव्हतं लिहिलेलं. मग त्यांनी नवा कागद दिला, बाबांचा. तो आता माझ्या कागदावर, त्याच चुंबकाखाली आहे. पहिला महिना: बूट घालून, कुबड्यांच्या आधाराने घरात चालणे, पाच मिनिटे, दोनदा.

सकाळी आणि संध्याकाळी तो बूट सोडवून पाय पुसायचा असतो. शीर ताणली जाऊ नये म्हणून पावलाचं टोक खाली झुकलेलंच ठेवून, पाय मांडीवर घेऊन. बायकोला कंबरेचा त्रास आहे, वाकता येत नाही. मी करतो. मला वाटलं होतं एकदा हात लावला की भीती मोडेल, लोक तसं सांगतात. तसलं काही झालं नाही. पट्टे सोडले की आतून वाफ येते, बंद डब्यासारखी. ओलं फडकं मी बोटांच्या फटींतून फिरवतो, त्या नखाखालून फिरवतो, भेगांवर मलम चोळतो, आणि ओकारी गिळतो. एकदा खरंच उठून जावं लागलं. परत आलो तर बाबा पाय तसाच हवेत धरून बसले होते, टोक खाली, सांगितलं होतं तसं. "घाण आहे रे," ते म्हणाले. मी म्हटलं, "असू दे." आणि पाय मांडीवर घेतला. ती घाण होतीच. माझ्याच पायाची होती, अठ्ठावीस वर्षांनी पुढची.

तो प्लास्टिकचा बूट त्यांना चावतो. आतल्या घोट्याच्या हाडावर लाल चकती उठली, तिसऱ्या दिवशी सोलली. मऊ पट्टी लावून दिली तरी ते पहिल्या पावलाला डोळे मिटून घेतात. शर्यतीच्या दिवशी मी लवकर उठलो, सवयीने, आणि बाकावर जाऊन बसलो. खोकं अजून वरच्या फळीवर, बाबांनी ओढलं होतं तेवढंच कडेला आलेलं. रस्त्यावर सामसूम होती. आत येऊन बाबांचा पाय पुसला, चकतीवर औषध लावलं, आणि ते वाळेपर्यंत बूट काढूनच ठेवला. बाबा पलंगावर, पाय उशांवर. बूट खाली माझ्यासमोर उघडा पडलेला. प्लास्टिक मळून मऊ होत नाही. कातडं नाही ते, फोमही नाही, त्याला कोणाचा पाय आठवत नाही, हे माझ्याइतकं कोणाला कळणार? मी डावा मोजा काढला. हातही आत घालून पाहिला नाही, सरळ पाय घातला.

आत गरम होतं. ओलं, उबट, मलमाचं, आणि माझ्या घोट्याचं हाड बरोबर त्या जागी जाऊन बसलं जिथे तो चावतो. तोंडात पाणी सुटलं, कडू. मी पट्टे आवळले, चारही, त्यांचे आवळतो तितकेच घट्ट, आणि उठून बोळातून चालायला लागलो. कपाटापर्यंत, तिथून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, परत. टाचेखालच्या पाचरींमुळे एक पाय उंच, एक ठेंगणा. चौथ्या फेरीला घोट्यावर चटका बसायला लागला. बाबा पलंगावरून बघत होते. हसतील असं वाटलं, नाही हसले. उशीखालून त्यांनी घड्याळ काढलं, मग चष्मा.

"किती मिनिटं झाली?" मी विचारलं.

"तीन."

मी बुटाच्या पट्ट्याला हात घातला.

"पाच असतात," बाबा म्हणाले. "अर्धा रकाना लिहिता येत नाही मला."

मी पुन्हा कपाटाकडे वळलो.